कळवायचं राहिलं

१

भांडगावच्या स्टँडवर सकाळी सव्वाआठला जी वडापची जीप लागायची, तिच्यात नऊ माणसांची सोय होती आणि सतरा माणसं बसायची. प्रगती टेळे त्यातली एक. पाटसपर्यंत जीप आणि पुढे दौंडपर्यंत एसटी, असा तिचा रोजचा रस्ता. जीपमध्ये कुणाची तरी कोपरं बरगड्यांत, कुणाची तरी पिशवी पायावर, आणि त्या सगळ्यात ही पोरगी मांडीवर इंग्रजी कागदांचा गठ्ठा घेऊन वाचत बसलेली. ड्रायव्हर तिला मास्तरीण म्हणायचा. ती मास्तरीण नव्हती, पण शिकत मात्र होती, आणि ते शिकणं काही सोपं नव्हतं.

दौंड स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्यांत बबनरावांचं ऑफिस होतं. कुरकुंभच्या आणि शिरूरकडच्या कारखान्यांना माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदारांची हजेरी ठेवायची, हे काम. कामगार फाटकावर कार्ड लावायचा, मशीन ‘पीं’ असा आवाज करायचं, आणि आलेली-गेलेली वेळ दौंडच्या कॉम्प्युटरात जाऊन बसायची. पण २००९ साल होतं. भारनियमन असं की दिवसातून सहा-सात तास वीज नाही. दौंडचं मशीन बसलं की दोन तालुक्यांची हजेरी बसायची. म्हणून बबनरावांनी पुण्यातल्या एका मित्राच्या सांगण्यावरून नवीनच जातीचा डेटाबेस आणला होता. जुनी तीन मशिनं, म्हणजे कॉम्प्युटर, घेतली. एक दौंडला ठेवलं, एक कुरकुंभला, एक शिरूरला. प्रत्येक नोंद तिघांकडे. तिघांपैकी दोघांनी हो म्हटलं की ती गोष्ट खरी. एखादं झोपलं तरी बाकीचे दोघं गाडा ओढणार.

शिकवायला कुणी नव्हतं. सायबर कॅफेतून काढलेले कागद आणि शब्दकोश, एवढ्यावर प्रगती झुंजत होती. कॉलेजात शिकलेलं आधी विसरावं लागलं. तिथे तक्ता असायचा, चौकटी आखलेल्या असायच्या, माहिती नसेल तिथे रिकामी चौकट ठेवायची. इथे चौकटीच नव्हत्या. माणसाच्या नावाची एक ओळ, आणि तो जितक्यांदा फाटकातून गेला तितके त्या ओळीत रकाने. प्रत्येक रकान्याचं नाव म्हणजे ती वेळ. जे घडलं त्यालाच जागा. रकान्यात काय लिहावं यालाही धरबंध नव्हता, डेटाबेस काही विचारायचाच नाही. तिला हे हळूहळू आवडायला लागलं होतं. माणसाची ओळ त्याच्या येण्याजाण्याएवढीच लांब, हे तिला फार बरोबर वाटायचं.

खोडायची रीत मात्र तिने तीनदा वाचली तेव्हा कळली. इथे काही पुसलं जातच नाही. अमुक आता नाही, अशी एक खूण लिहायची, आणि ती खूण इतर दोघांपर्यंत जाते. कागदात त्या खुणेला थडग्यावरचा दगड म्हटलं होतं. दहा दिवस खूण जपून ठेवायची, म्हणजे त्या वेळी जे मशीन झोपलं असेल त्यालाही उठल्यावर कळेल. दहा दिवस झाले की मूळ नोंद आणि खूण दोन्ही झाडून काढायची.

हे तिने बबनरावांना समजावलं, तेव्हा ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी आपला दहावाच की ह्यो. तिकडच्या पोरांना कुणी सांगितला?"

प्रगती खूप हसली. तो ऑक्टोबर महिना होता. तेव्हा स्वराज होता, म्हणून हसता आलं.

२

स्वराज तिचा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा. कुरकुंभच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. सकाळी सात ते तीन पाळी, आणि बहुतेक दिवस पुढे ओव्हरटाइम. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला निघायचा आणि बरोबर सात-वीसला घरी पोचायचा. मोटारसायकलचं स्टँड ओट्याखालच्या फरशीवर खर्रकन घासल्याचा आवाज आला की गिताबाई तवा ठेवायच्या. गिताबाई म्हणजे त्यांची आई. घड्याळापेक्षा त्या आवाजावर त्या घराचं चाललेलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वडिलांची, म्हणजे आबांची, पुण्याला बायपास झाली. नऊ तारखेला स्वराज कामावरून येताना हायवेवर अपघातात गेला. एका ट्रेलरच्या मागे त्याची गाडी सापडली. आबा तेव्हा अतिदक्षता विभागात होते आणि टाक्यांमध्ये पू झाला होता. धक्का बसला तर मी जबाबदार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग सगळं आबांच्या पाठीमागे झालं. अग्नी धाकट्या चुलत्यांनी, सोपानरावांनी दिला. पोरं त्यांना नाना म्हणत. दौंडला नदीच्या घाटावर दहावा केला, मुंडण नानांनीच केलं. नात्यातल्या प्रत्येक घरी सांगावा गेला, पार बारामतीपर्यंत. फक्त एका माणसाला कळवलं नाही.

पंचवीस तारखेला आबा घरी आले. त्यांना सांगितलं, कंपनीने स्वराजला चार महिन्यांसाठी गुजरातला ट्रेनिंगला पाठवलंय. आबा बरं म्हणाले. गावाला ताकीद होती, कुणी भेटायला आलंच तर ऊस आणि बाजार यावर बोलायचं. नाना पांढरी टोपी कानापर्यंत ओढून यायचे. आबांनी एकदाही स्वराजशी फोनवर बोलायचं नाव काढलं नाही. घरच्यांनी त्यातच समाधान मानलं.

आबा यायच्या दोन दिवस आधी प्रगती कामावर गेली होती. कंत्राटदाराची यादी टेबलावर पडली होती, सोडून गेलेल्यांची नावं काढायची होती. त्यात सातवं नाव स्वराजचं. बबनराव म्हणाले, मी करतो. ती म्हणाली, नको, मीच करते. परक्याच्या हाताने ते व्हावं असं तिला वाटेना. तिने एकदा त्याची ओळ पाहून घेतली. सव्वा वर्षाचे रकाने, आत, बाहेर, आत, बाहेर. शेवटचा, नऊ नोव्हेंबर, सहा-एकेचाळीस, बाहेर. त्याच्यापुढे काही नाही. मशीनच्या लेखी तो घरी निघाला होता. तिने खूण लिहिली आणि संडासात जाऊन नळ सोडून रडली.

त्या दिवशी शिरूरचं मशीन बंद होतं. विजेच्या लपंडावात त्याची बॅटरी जळली होती. दोघं जागे आहेत, तिसरं उठलं की त्याला कळेल, अशा हिशेबाने तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आजचा दुरुस्तीवाला उद्यावर, उद्याचा परवावर, असं करत शिरूरचं मशीन चौदा दिवस झोपून राहिलं.

३

सात डिसेंबरला बबनराव मोटारसायकलवर न्हावऱ्यामार्गे शिरूरला गेले आणि नवी बॅटरी बसवून मशीन चालू करून आले. दुपारी तीनला प्रगतीने यादी काढली, तर सातवं नाव पुन्हा जागेवर होतं. स्वराज टेळे. सव्वा वर्षाचे रकाने, जसेच्या तसे.

 पोरगी खमकी होती. तिने कागद काढले आणि बोट ठेवून वाचलं. दहा दिवसांत ज्या मशीनला खोडल्याचं कळलं नाही, ते उठल्यावर जुनी नोंद खरी धरून चालतं. बाकी दोघांनी तोवर नोंदही झाडलेली असते आणि खूणही. त्यांच्याकडे नाही म्हणायला काहीच उरलेलं नसतं. मग न कळलेलं मशीन या दोघांना सांगतं, अरे, हा आहे की. दोघं विश्वास ठेवतात. न कळलेला एकजण कळलेल्या दोघांना फिरवतो. कागदात हे साध्या चुकीसारखं लिहिलं होतं, खाली उपायही दिला होता. तिघं जागे असताना पुन्हा खोडा आणि तिघांना ताळा करायला लावा.

बबनरावांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. दहाच्या आत शिरूर उठवायला हवं होतं, चूक माझीच, आता परत काढून टाक, यादी गुरुवारी द्यायचीय, एवढंच म्हणाले.

प्रगती उद्या करते म्हणाली. का म्हणाली, ते तिला नीट माहीत होतं. त्या पडद्यावर तिचा भाऊ सहा-एकेचाळीसला घरी निघालेला होता. आज एक दिवस निघालेला राहू दे, असं तिला वाटलं. त्यात कुणाचं काय जातंय?

घरी पोचायला तिला आठ वाजले. भारनियमनाची वेळ होती, आबांच्या खोलीत चार्जिंगचा दिवा जळत होता. ही खोली रस्त्याच्या बाजूला, खिडकीतून हायवेवरच्या ट्रकची घरघर अखंड यायची. आबा उशीला टेकून बसले होते आणि चेहरा निवांत दिसत होता. तिने पाण्याचा तांब्या ठेवला.

"स्वराज यिऊन गेला," आबा म्हणाले.

तिने दिवा सारखा केल्यासारखं केलं. मग विचारलं, काय म्हणाला?

"काय न्हाई. टाकं दुखत्यात का, म्हनला. उद्या डबल पाळी हाय, उशीर हुईल, म्हनला. बसला जरा वेळ."

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या भेटीत स्वराज हेच बोलला होता. प्रगती तिथेच उभी होती. औषधांनी माणसाला भास होतात, मागचं आताचं वाटतं, हे तिला ठाऊक होतं आणि तिने ते स्वतःला दोनदा सांगितलं. स्वयंपाकघरात गिताबाई भाकऱ्या थापत होत्या. प्रगतीने त्यांना हळूच सांगितलं, आबांना भास व्हायला लागलेत. गिताबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर केली नाही. सात-वीसला स्टँड घासलं होतं, म्हणाल्या. शेजारच्याची गाडी असंल, म्हणाल्या. आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

स्वराजची गाडी नानांच्या गोठ्यात पोत्यांखाली होती. तिचं स्टँड अपघातात तुटून पडलं होतं, ते कुणालाच सापडलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात पोचताच ओळ उघडली. आता खोडायचंच असं ठरवून ती आली होती.

ओळीत एक रकाना जास्त होता.

सात डिसेंबर, संध्याकाळी सात-वीस. आत. प्रत्येक रकान्यात फाटकाचा नंबर असतो, कुरकुंभचा एक, शिरूरचा दोन. या रकान्यात नंबर नव्हता. नुसतं आत.

 खाली झेरॉक्सचं मशीन सर्र, सर्र करत होतं. जुन्या डेटाबेसने फाटकाशिवाय नोंद घेतलीच नसती. हा घेतो. याला काहीही चालतं. मग प्रगती शक्यता मोजायला लागली. बबनरावांनी शिरूरला चाचणी केली असेल. विचारलं, तर त्यांनी केली नव्हती. मशीनचं घड्याळ चुकलं असेल. तिन्ही घड्याळं तपासली, बरोबर होती. कुणी त्याचं कार्ड वापरलं असेल. कार्ड दवाखान्याने पिशवीत घालून दिलं होतं, दोन तुकडे झालेलं, आणि पिशवी तिच्याच कपाटात होती. कुरकुंभच्या फाटकावरच्या भैरू वॉचमनला फोन लावून तिने विचारलं, काल सातच्या पुढे कुणी आत गेलं का? भैरू म्हणाला, सातला फाटक लावून मी जेवायला बसतो ताई, मुंगी पन जात न्हाई.

सात-वीसला कुठलं फाटक उघडतं ते तिला माहीत होतं. तिच्या घराचं.

त्या दिवशीही तिने ओळ खोडली नाही. आदल्या दिवशी माया होती, आज मात्र भीती होती. आपण खोडलं आणि ते घरी कुणाला लागलं तर, असं काहीतरी वेडगळ तिच्या मनात आलं, आणि शिकल्यासवरल्या बाईने असा विचार करावा याची तिला लाजही वाटली.

संध्याकाळी एसटी चुकली, पुन्हा आठ वाजले. ओट्यावर पाय ठेवला तेव्हा घरातून गिताबाईंचं गुणगुणणं ऐकू आलं. महिनाभरात तो आवाज घरात नव्हता. स्वयंपाकघरात जमिनीवर एक ताट होतं, शेजारी पालथा पेला. गिताबाई प्रसन्न चेहऱ्याने तिच्याकडे वळल्या.

"जेवला गं," त्या म्हणाल्या. "दमला व्हता, पर जेवला."

ज्या बाईने स्वतःच्या हाताने त्या पोराच्या अंगावरचं रक्त पुसलं होतं, ती हे म्हणत होती.  प्रगती ताटाजवळ बसली. स्वराजला लहानपणापासून सवय होती, जेवायच्या आधी आख्खी भाकरी मोडून ताटभर तुकडे करून ठेवायचा आणि मग खायचा. ताटात तसे तुकडे होते. तिने एकेक तुकडा उचलून शेजारी शेजारी ठेवायला सुरुवात केली. कडेला कडा जुळत गेली. पूर्ण वाटोळी भाकरी झाली. एकही तुकडा कमी नव्हता.

तिने ते तुकडे पदराआड नेऊन शेरडीला घातले. शेरडीने खाल्ले नाहीत.

५

रात्री तिला झोप आली ती उशिरा, आणि पहाटे जाग आली ती एकाच विचाराने. घरात तीन माणसं. दोघांना कळलं होतं, एकाला कळवलं नव्हतं. दहा दिवस उलटून गेले होते. मग न कळलेल्याने सांगितलं, अरे, हा आहे की. आणि एकाने ऐकलं. आता तिघांत दोघं हो म्हणत होते.

चूल पेटायच्या आत ती नानांच्या घरी गेली. नाना गोठ्यात धार काढत होते. तिने सगळं सांगितलं, फक्त मशीनचं सांगितलं नाही, ते त्यांना सांगून कळलं नसतं. आई चाललीय, नाना, एवढं तिने तोंड फोडून म्हटलं. आबांना खरं सांगितलं तर आबा जातील अशी भीती आहे, आणि नाही सांगितलं तर आई हातची जाईल हे दिसतंय. नानांनी चरवी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले. मी पहिल्यापासून सांगत होतो, म्हणाले, मरण लपवू नये. आज सांजेला सांग. मी जीप दारात उभी करून ओट्यावर बसतो. आबांना काही झालं तर सरळ पुण्याला.

बुधवार होता. ऑफिसात तिने ओळ उघडली, फाटक नसलेले रकाने आता दोन झाले होते. सात-वीस आणि सात-वीस. तिने त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. भैरूला फोन करून कुरकुंभच्या मशीनचा हिरवा दिवा बघायला लावला. शिरूरला फोन करून तिथला बघायला लावला. दौंडचा समोर होता. तिघं जागे आहेत याची खात्री झाल्यावर तिने खूण लिहिली आणि तिघांना ताळा करायला लावलं. अर्ध्या तासाने प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. दौंड म्हणालं, अशी ओळ नाही. कुरकुंभ म्हणालं, नाही. शिरूरने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला.  मग शिरूरही म्हणालं, नाही.

बबनराव मागे उभे होते. झालं का, म्हणाले. झालं, ती म्हणाली. तिला मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं म्हणून वाईटही वाटलं. काम कसं करायचं ते आता तिला कळलं होतं. सगळ्यांना कळवायचं, एकालाही वगळायचं नाही. घरीही तेच करायचं होतं. बबनरावांनी तिला साडेचारलाच सोडलं.

६

पावणेसातला दिवे गेले. तिने चार्जिंगचा दिवा आबांच्या खोलीत आणून उंबऱ्याजवळ जमिनीवर ठेवला, म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर उजेड नको. गिताबाई दारात चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांना ती काय करणार हे कळलं होतं, आणि त्या नको म्हणत नव्हत्या, हो म्हणत नव्हत्या. बाहेर ओट्यावर नाना बसले होते. त्यांच्या तंबाखूच्या डबीचं झाकण उघडत होतं, मिटत होतं.

प्रगती खाटेच्या कडेवर बसली आणि तिने आबांचा हात हातात घेतला. नाडी लागेल असा धरला.

"आबा, स्वराज गुजरातला गेला न्हाई," ती म्हणाली. "नऊ तारखेला कामावरून येताना त्याचा ॲक्सिडेंट झाला. आपला स्वराज गेला, आबा. तुमाला सांगितलं न्हाई, आमचं चुकलं."

आबांची नाडी जशी चालत होती तशीच चालत राहिली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"घरात आलो त्याच दिशी कळलं. सोपाननं पानी दिलं, वाकला, तवा टोपीखालनं मान दिसली. केस नुकतं उगवत व्हतं. आन् दारात पोरगा न्हाई. त्येवढं बापाला कळत न्हाई व्हय?" त्यांनी दम घेतला. "माझ्यासाठी तुमी गप हायसा, म्हनून मी बी गप."

प्रगतीच्या डोळ्यांतून धार लागली. महिनाभराचं ओझं उतरलं होतं, आणि त्याच वेळी काहीतरी दुसरंच वर चढून येत होतं. आबांना माहीत होतं. म्हणजे घरात न कळलेला कुणीच नव्हता. तिघांनाही कळलेलं होतं.

"मग तो येतो, असं का म्हणालात?" तिने विचारलं.

"येतो म्हनून म्हनलो. खोटं कशाला बोलू?" आबा खिडकीकडे बघत होते. "तुमी समद्यांना सांगावा धाडला, पोरी. बारामतीपातूर धाडला. त्येला कुनी सांगितलं? त्यो त्या दिशी घराकडं निघाला, त्यो निघालेलाच हाय. येतो, इचारपूस करतो. मी काय सांगू त्येला? माझी जीभ उचलत न्हाई. तुझी आई ताट वाढती." त्यांनी तिचा हात दाबला, तिच्या हातापेक्षा त्यांच्याच हातात जास्त बळ होतं. "तू शिकलेली हाईस. तू सांग त्येला."

गिताबाई दारातून सरकल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तव्याचा आवाज आला.

प्रगती उठून उभी राहिली. तिने मनगटावरचं घड्याळ दिव्याकडे धरलं. सात-अठरा. हे वेडेपण आहे, असं तिने ठरवून म्हटलं. आजारी म्हातारा आणि पोर गमावलेली आई. दुपारीच तिघांना विचारून झालंय, तिघंही नाही म्हणालेत. हायवेवर एक ट्रक गेला, त्याच्या मागे दुसरा गेला. मग मध्येच ती घरघर थांबली, आणि तिला जाणवलं की या खोलीत ती पूर्ण शांतता पहिल्यांदाच ऐकते आहे. त्या शांततेत एका मोटारसायकलचा आवाज लांबून जवळ आला, वळला, बंद झाला.

स्टँड फरशीवर खर्रकन घासलं.

ओट्यावर डबीचं झाकण थांबलं.  नाना बाजूला सरकल्याचा, पोतं ओढल्याचा आवाज आला, वाटेत बसलेला माणूस येणाऱ्याला जागा करून देतो तसा.

दिव्याचा उजेड उंबऱ्याच्या वर गुडघ्याएवढाच पोचत होता. त्या उजेडात दोन बूट आले आणि थांबले. कंपनीचे, लोखंडी टोकाचे, वर पांढऱ्या भुकटीचा थर. डाव्या बुटाची नाडी सुटलेली होती. ती कायम सुटलेली असायची, आणि प्रगती कायम ओरडायची, पडशील एखाद्या दिवशी.

"आबा, टाकं दुखत्यात का?"

आबा म्हणाले, न्हाई रं.

"ताये, उद्या डबल हाय. उशीर हुईल."

वाक्य तिच्याकडे तयार होतं. अर्ध्या तासापूर्वीच तिने ते एकदा म्हटलं होतं. सगळ्यांना कळवायचं, एकालाही वगळायचं नाही. हे तिच्याशिवाय कुणी करणार नव्हतं, आणि आज केलं नाही तर पुढे कधीच होणार नाही हेही तिला स्वच्छ कळत होतं. ती तोंड उघडून उभी राहिली. बुटांच्या वर अंधार होता आणि त्या अंधारात कुणीतरी, दिवसभर राबून दमलेलं, तिच्या उत्तराची वाट बघत होतं. स्वयंपाकघरात आईने तव्यावर भाकरी टाकली. मागून आबांचा श्वास शांत येत होता.

प्रगतीची नजर त्या सुटलेल्या नाडीवरून हलेना.

"हातपाय धू," ती म्हणाली. "ताट वाढते."